वायरलेस माऊस आणि आपला हात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिघडलेले माऊस उघडून दुरुस्त करायचा मला नाद आहे, त्यामुळे ओळखीतली माणसं आपापले माऊस घेऊन येतात. येणारा प्रत्येक जण सुरुवात जवळजवळ एकाच वाक्याने करतो: "बहुतेक माझ्याच हाताचं काहीतरी चुकतंय." दहातल्या नऊ वेळा हाताचं काही चुकलेलं नसतं. चूक माऊस घडवणाऱ्याची असते आणि ती माऊसच्या पोटात किंवा बुडाशी लपलेली असते. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत.

मी एकदाच क्लिक करते, पण माऊस दोनदा क्लिक करतो. बोट थरथरतं म्हणून होतं का?

नाही. एक निवृत्त शिक्षिका अगदी हेच म्हणत माझ्याकडे आल्या होत्या. फोटोंचं फोल्डर ओढून दुसरीकडे न्यायला जावं, तर ते वाटेतच सुटून भलत्याच फोल्डरमध्ये पडायचं. वयामुळे बोटातला जोर गेला, अशी त्यांनी स्वतःची समजूत करून घेतली होती.

आम्ही तो माऊस मिळून उघडला. डाव्या बटणाखाली नखाएवढा काळा चौकोनी स्विच असतो. त्याचं टोपण सुरीच्या टोकाने अलगद उचललं, की आत तांब्यासारख्या रंगाची कागदासारखी पातळ पट्टी दिसते. बटण दाबलं की ती 'टक' करून खाली लवते आणि एका बिंदूवर टेकते. तो बिंदू चकचकीत असायला हवा. भिंगाखाली पाहिला तर त्यावर काळपट डाग होता.

धातू धातूवर आपटला की चेंडूसारखा क्षणभर उसळतो. ही उसळी मोजली जाऊ नये म्हणून माऊसच्या आतला प्रोग्राम काही मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) थांबतो आणि मगच क्लिक धरतो. पट्टी सैल झाली किंवा बिंदूवर थर चढला की उसळी लांबते, थांबण्याची मुदत उलटून जाते आणि एका क्लिकचे दोन होतात. वायरलेस माऊसमध्ये सेल पुरवायचा म्हणून स्विचमधून अगदी किरकोळ प्रवाह सोडलेला असतो. बिंदूवरचा थर जाळून साफ करायला तो पुरत नाही. खोक्यावर छापलेला '२ कोटी क्लिक' हा आकडा बहुधा पट्टी मोडेपर्यंतचा असतो, थर चढेपर्यंतचा नाही.

ओळखायचं कसं? डावं बटण दाबून धरा आणि एखादी खिडकी पडद्यावर गोल गोल फिरवा. हातातून सुटली तर दोष स्विचचा. संपर्क साफ करायचा फवारा मारला तर काही दिवस बरं वाटतं, पण पक्का उपाय म्हणजे नवा स्विच डाग देऊन (सोल्डरिंग करून) बसवणे. प्रकाशाची तिरीप अडवून क्लिक ओळखणारे ऑप्टिकल स्विच निघाले आहेत. त्यात धातूला धातू टेकण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून ही खोडही नसते.

सेल नवा घातला तरी पॉइंटर अडखळत का चालतो?

बऱ्याचदा दुखणं सेलचं नसतं, जागेचं असतं. डोंगल, म्हणजे माऊसचे निरोप घेणारा यूएसबीचा छोटा तुकडा, संगणकाच्या मागच्या बाजूला खोचलेला असतो आणि त्याला खेटून पोर्टेबल हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह. माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात बोलतो, आणि यूएसबी ३ वरून माहिती धावू लागली की नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलने २०१२ साली हा प्रकार मोजून जाहीर केला होता. तरीही डोंगलच्या खोक्यात 'मला हार्ड डिस्कजवळ बसवू नका' एवढं एक वाक्य लिहायचं कुणाला सुचत नाही, याचं मला वाईट वाटतं.

घरी पडताळून पाहा: पेन ड्राइव्हवर एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि तेवढ्यात पॉइंटर हलवा. तेव्हाच अडखळला तर चोर सापडला. डोंगल एखाद्या हात-दीड हात लांब यूएसबी एक्स्टेन्शनवर घेऊन टेबलावर, माऊसला दिसेल असा ठेवा. लोखंडी टेबल आणि लोखंडी कॅबिनेट यांचाही अडथळा होतो. माणसाचं शरीर मुख्यतः पाण्याचं असल्याने तेही या लहरी शोषून घेतं, म्हणून डोंगल आणि माऊस यांच्यामध्ये मांडी नको.

मग डोंगलवाला घ्यावा की ब्लूटूथवाला?

कचेरीच्या कामाला दोन्ही चालतात. बहुतेक ब्लूटूथ माऊसमध्ये दोन निरोपांमधलं अंतर कमीत कमी साडेसात मिलिसेकंद असतं. साधा डोंगल सेकंदाला १२५ वेळा म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी निरोप देतो आणि खेळांसाठीचे डोंगल सेकंदाला १००० वेळा किंवा त्याहून जास्त. लेख लिहिताना किंवा तक्ते भरताना हा फरक जाणवत नाही, चित्र काढताना आणि खेळताना जाणवतो. ब्लूटूथची खरी अडचण वेगळी आहे: काही संगणकांत ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधी तो चालतच नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही सोयी असलेला घ्या.

थोडा वेळ हात काढला की माऊस झोपतो. पहिली हालचाल वाया जाते. हा बिघाड आहे का?

बिघाड नाही, सेल वाचवायची युक्ती आहे. पण जागं व्हायला किती वेळ घ्यायचा हे बनवणारा ठरवतो, आणि काही जण फार आळशी माऊस बनवतात. क्लिक केल्याशिवाय जागाच होत नाही असा माऊस तर घेऊच नका. पॉइंटर कुठे आहे ते कळायच्या आत क्लिक पडतो आणि भलतंच काहीतरी उघडतं.

चार्जिंगचं भोक पोटाखाली असलेल्या माऊसचं काय?

ॲपलने २०१५ साली मॅजिक माऊस २ आणला तेव्हा चार्जिंगचं भोक बुडाला दिलं. चार्जिंग लावलं की माऊस पाठीवर उताणा, काम बंद. २०२४ साली केबलचा प्रकार बदलला, भोक मात्र जिथल्या तिथे राहिलं. दोन मिनिटांच्या चार्जिंगवर नऊ तास चालतो, असं कंपनी सांगते. ते मान्य करूनही माझं मत बदलत नाही. सेल संपायचा तो कामाच्या ऐन मध्यावरच संपतो आणि तेव्हा दोन मिनिटंही आपली नसतात. समोरच्या नाकाडाला भोक असलेला माऊस केबल लावली की तारेचा माऊस होतो आणि काम चालू राहतं.

याच कंपनीचा १९९८ चा आयमॅक संगणकासोबतचा गोल माऊस आठवतो का? चकतीसारखा अगदी गोल. न बघता हात ठेवला तर पुढची बाजू कोणती हे बोटांना कळायचंच नाही. पॉइंटर तिरका धावू लागला की मान खाली घालून माऊस सरळ करायचा. पुढे बटणावर एक छोटी खळगी दिली, बोटाला खूण म्हणून. माऊस डोळ्यांनी नाही, हाताने ओळखायचा असतो, हे त्या खळगीतून मी शिकले.

वायरलेस माऊस इतका जड का लागतो?

एका अल्कलाइन पेन्सिल सेलचं वजन साधारण २३ ग्रॅम. दोन घातले की झाले ४६. काही माऊसमध्ये तर नाकापेक्षा मोती जड अशी गत असते. पण एकूण वजनापेक्षा ते कुठे बसवलंय हे जास्त महत्त्वाचं. सेल शेपटाकडे असेल तर माऊस उचलताना नाक वर जातं. एका कडेला असेल तर सरळ ओढलेला माऊसही किंचित वळतो आणि मनगट दिवसभर नकळत ते वळण सावरत राहतं. माऊसच्या दोन्ही कडा अंगठा आणि अनामिकेने मधोमध धरून उचलून पाहा, तो कुठे झुकतो ते लगेच कळेल.

अल्कलाइन सेलच्या जागी लिथियमचा पेन्सिल सेल घातला तर वजन १५ ग्रॅमच्या आसपास येतं, आणि तो गळतही नाही. रिचार्ज होणारे सेल जरूर वापरा, फक्त त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असल्याने सेल उरल्याची खूण काही माऊस चुकीची दाखवतात.

महिना-दोन महिने वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की पत्र्यावर पांढरी भुकटी जमते. ती हाताला लागू देऊ नका. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरड्या कापडाने.

माझं मनगट दुखतं. माऊसमुळेच का?

माऊस कारण असू शकतो, एकमेव कारण असेलच असं नाही. मनगटात हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची नस जाते. मनगट मागे मोडलं, म्हणजे पंजा वर उचललेला राहिला, की या बोगद्यातला दाब वाढतो. उंच पाठीचा माऊस उंच टेबलावर ठेवून वापरला की नेमकं हेच होतं.

दुसरा त्रास करंगळीच्या बाजूला वळलेल्या मनगटाचा. तिसरा पंजा पालथा ठेवण्याचा: तळवा टेबलाकडे केला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांवर तिरकी येतात आणि स्नायू त्यांना तसंच धरून ठेवतात. चौथा त्रास कुणी फारसा सांगत नाही, आणि मला तोच सर्वांत वाईट वाटतो. बटण इतकं हलकं असतं की बोट टेकलं तरी क्लिक पडेल, म्हणून माणूस तर्जनी आणि मधलं बोट दिवसभर केसभर वर उचलून धरतो. दिसायला काहीच कष्ट नाहीत, पण संध्याकाळी पंजाच्या मागच्या बाजूला रग लागते. मलाही लागायची. बोटं पूर्ण सैल सोडून टेकवता येतील असा थोडा घट्ट बटणांचा माऊस घेतला आणि पंधरवड्यात फरक पडला.

एक साधी गोष्ट करून पाहा. खुर्चीवर बसून हात बाजूला लोंबता सोडा. बोटं किंचित वाकलेली, अंगठा पुढे, मनगट सरळ. हाच तुमच्या हाताचा आरामातला आकार. आता फक्त कोपरातून हात वर आणून माऊसवर ठेवा. त्या आकारात जिथे जिथे मोडतोड करावी लागेल, तिथे तिथे उद्या दुखणार.

मनगटाखाली उशी ठेवायची पद्धत आहे. ती तळव्याच्या गादीखाली असेल तर ठीक. नेमकी मनगटाच्या घडीखाली असेल तर दाब त्या बोगद्यावरच येतो. हालचाल करताना तर उशीवर मनगट रोवून ठेवूच नका.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, तर नवा माऊस शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, थायरॉइडचे विकार, गरोदरपण यांतही हा त्रास होतो. एकटी करंगळी बधिर होत असेल तर नस वेगळी, आणि बहुतेकदा दाब कोपराशी असतो.

उभा माऊस घेतला की दुखणं थांबेल?

उभ्या माऊसने पंजा हस्तांदोलनाच्या बेतात येतो. लॉजिटेकने २०१८ साली आणलेल्या एमएक्स व्हर्टिकलचा उतार ५७ अंशांचा आहे. हाडं तिरकी येण्याचा त्रास यात नक्की कमी होतो. पण क्लिक आता खाली न पडता आडवा पडतो, म्हणजे बोटाने दाबताना माऊस सरकू नये म्हणून अंगठ्याने पलीकडून धरून ठेवावं लागतं. माऊस हलका असेल तर अंगठा शिणतो. शिवाय कीबोर्डवरून हात घाईने आणला की तो आडवा होतो. सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर बारीक काम जुन्या माऊसवर करा. आणि खांदा दुखत असेल तर उभ्या माऊसने काही होणार नाही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं होईल.

खांद्याचा त्रास मग कशाचा?

कीबोर्डच्या उजव्या टोकाला असलेल्या आकड्यांच्या पट्टीचा. त्या पट्टीमुळे माऊस वीतभर बाहेर ढकलला जातो आणि हात दिवसभर अंगापासून लांब, हवेत तोललेला राहतो. आकडे क्वचितच भरत असाल तर ती पट्टी नसलेला कीबोर्ड घ्या. नवा माऊस घेण्यापेक्षा याचा गुण लवकर येतो, असा माझा अनुभव आहे.

ट्रॅकबॉल, म्हणजे गोळा फिरवून चालवायचा माऊस, कसा?

हात जागचा हलत नाही, त्यामुळे खांद्याला आणि मनगटाला विश्रांती मिळते. मात्र अंगठ्याने फिरवायचा गोळा असेल तर सगळं ओझं अंगठ्यावर येतं. अंगठ्याच्या मुळाशी आधीच कळ येत असेल तर ते आगीतून फुफाट्यात पडणं आहे. बोटांनी फिरवायचा मोठा गोळा त्या मानाने बरा. गोळा ज्या बारीक मण्यांवर टेकतो तिथे मळ साचतो, तो आठवड्याला पुसा.

मी डावखुरा आहे. 'दोन्ही हातांसाठी' असं लिहिलेला माऊस घेतला तरी अडचण का येते?

कारण तो आकाराने दोन्ही हातांचा असतो, बटणांनी नाही. मागे-पुढे जाण्याची दोन बटणं बहुतेक वेळा फक्त डाव्या कडेला असतात, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. डाव्या हातात तोच माऊस घेतला की ती अनामिका-करंगळीखाली येतात आणि नको तेव्हा दाबली जातात. लिहिता-लिहिता पान मागे जातं, भरलेला अर्ज पुसला जातो. उजव्या हाताला अंगठ्याची खोबण करून दिलेला माऊस तर डाव्या हातात बसतच नाही. दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. एवढ्या माणसांना 'सवय करून घ्या' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तोवर काय करता येईल: सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल करा आणि कडेची बटणं माऊसच्या सॉफ्टवेअरमधून बंद करून टाका. दोन्ही कडांना बटणं असलेले किंवा खास डाव्या हाताचे थोडे माऊस मिळतात, ते शोधायचे कष्ट घ्या.

हाताच्या मापाचा माऊस कसा निवडायचा?

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. मोठ्यांचे हात साधारण १६ ते २१ सेंटिमीटर भरतात, आणि बाजारातले 'प्रवासी' माऊस यातल्या कुणाच्याच तळव्याला नीट टेकत नाहीत. बॅगेत मावतात म्हणून घेतले जातात आणि मग घरी रोज आठ तास वापरले जातात. छोट्या माऊसवर बोटं नखी मारल्यासारखी आखडतात. लॅपटॉपच्या पिशवीत तो असू द्या, टेबलावर मात्र तळवा टेकेल असाच ठेवा.

डीपीआय जितका जास्त तितका माऊस चांगला?

मुळीच नाही. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की ८०० खुणा मोजल्या जातात. पॉइंटरचा वेग जसाच्या तसा ठेवला तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला माऊस सुमारे ६ सेंटिमीटर हलवावा लागेल, १६०० वर ३ सेंटिमीटर. फार कमी ठेवलं तर हात सारखा ओढत राहावा लागतो. फार जास्त ठेवलं तर छोट्या चौकटीवर पॉइंटर थांबवताना बोटं ताठरतात. खोक्यावरचे २०-२५ हजारांचे आकडे रोजच्या कामात कुणालाही लागत नाहीत.

काचेच्या टेबलावर चालत का नाही?

माऊसच्या पोटातला छोटा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एकमेकांशी ताडून हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर ताडायला काही खूणच नसते. काचेवर चालणारे सेन्सर २००९ पासून मिळतात, पण एक साधा कागद खाली सारला तरी काम भागतं.

चाक खाली फिरवलं की पान वर जातं.

चाकाच्या आसाशी असलेला यांत्रिक एन्कोडर, म्हणजे चाक किती आणि कुठे फिरलं ते मोजणारा भाग, झिजला किंवा त्यात धूळ-केस गेले. आधी जोरात फुंकर मारून पाहा. पुन्हा झालं तर तो भाग बदलावा लागेल. प्रकाशावर किंवा चुंबकावर चालणाऱ्या चाकांत हा त्रास कमी असतो.

माऊसची पाठ चिकट झाली आहे. घामामुळे?

घामाने घाई होते एवढंच. मूळ दोष त्या मऊ, रबरासारख्या लेपाचा. हवेतली आर्द्रता आणि हाताचं तेल यांनी तो वर्षा-दोन वर्षांत विरघळल्यासारखा होतो. सेल काढा, कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चोळा, सगळा लेप निघून खालचं प्लास्टिक लागेपर्यंत. हात काळे होतील, पण माऊस वाचेल. पुढच्या वेळी साधा, थोडा खरखरीत प्लास्टिकचा घ्या. दुकानात मऊ लेपावर हात फिरवताना छान वाटतं, म्हणूनच तो दिलेला असतो.

डोंगल हरवला. दुसरा मिळेल?

बहुतेक स्वस्त माऊस एकाच डोंगलशी जन्मगाठ बांधून येतात. तो गेला की धडधाकट माऊस कचऱ्यात. लॉजिटेकच्या युनिफाइंग किंवा बोल्टसारख्या पद्धतीत नवा डोंगल घेऊन जोडणी करता येते. डोंगल ठेवायचा कप्पा माऊसच्या पोटात आहे का, हे घेतानाच पाहा.

वायरलेस माऊसमधून संगणकात कुणी शिरू शकतो का?

२०१६ साली 'माऊसजॅक' नावाने दोष उघड झाले. अनेक कंपन्यांच्या डोंगलला लांबून खोट्या कळा दाबल्याचे निरोप पाठवता येत होते. ब्लूटूथवाले माऊस त्यात नव्हते. जुना डोंगल वापरत असाल तर कंपनीचं फर्मवेअर (डोंगलच्या आतला प्रोग्राम) अपडेट आहे का ते पाहा, नसेल तर तो डोंगल निवृत्त करा.

एवढं सगळं असेल तर तारेचाच माऊस बरा नाही का?

ज्यांचा माऊस एकाच टेबलावर असतो, त्यांना मी हेच सुचवते. सेल नाही, डोंगल नाही, झोप नाही, वजन कमी. ९ डिसेंबर १९६८ ला अमेरिकन संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी जगाला माऊस दाखवला, तेव्हाही त्याला तार होतीच. पहिल्या लाकडी नमुन्यात ती मनगटाच्या बाजूने, मागून निघत होती. हाताखाली येते म्हणून पुढे ती नाकाकडे नेली. तार टेबलाच्या कडेवर घासून ओढली जात असेल तर माऊसपासून वीतभर सैल सोडून बाकीची टेबलाला चिकटवून टाका. मनगट, बटणं आणि माप यांचे वरचे सगळे प्रश्न मात्र तारेच्या माऊसलाही तेवढेच लागू पडतात.